इटलीची सहल आखताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोनदा इटलीला जाऊन आल्यापासून दर जानेवारीत आमच्याकडे फोन सुरू होतात. मेची सुट्टी दिसायला लागली की नणंदेच्या मैत्रिणीपासून सोसायटीच्या सेक्रेटरींपर्यंत सगळ्यांचे तेच ते प्रश्न. म्हटलं, एकदाच लिहून काढावं. तिकिटांचे दर आणि नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळ एकदा बघाच.

दहा दिवस आहेत. किती शहरं होतील?

तीन. चौथं हवंच असेल तर ते सकाळी जाऊन रात्री परत येण्यासारखं निवडा.

पहिल्या खेपेला आम्ही नऊ दिवसांत सहा ठिकाणं केली. त्यातलं आज काय आठवतं, तर स्टेशनं आणि दगडी रस्त्यांवरून ओढलेल्या बॅगांचा खडखडाट. एक ना धड, भाराभर चिंध्या. हॉटेल बदललं की अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा. सकाळी आवराआवर, मग स्टेशन, मग गाडी, आणि नव्या ठिकाणी खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळत नाही.

पहिल्यांदा जात असाल तर व्हेनिस दोन रात्री, फ्लॉरेन्स तीन आणि रोम चार, हा हिशेब मला सगळ्यात बरा वाटतो. फ्लॉरेन्सहून एक दिवस पिसा आणि लुक्का करता येतं. दोन्हींमध्ये रेल्वेने अर्ध्या तासाचं अंतर आहे. पिसाचा मनोरा बघायला तासभर पुरतो, लुक्काच्या तटबंदीवरून सायकल चालवायला मात्र सबंध दुपार द्या. सिएनाला जायचं असेल तर रेल्वेपेक्षा बस सोयीची, कारण ती गावाच्या वेशीशी सोडते आणि रेल्वे स्टेशन खाली उतारावर आहे. रोमहून पॉम्पेई एका दिवसात होतं. वेगवान गाडीने नेपल्स सव्वा तासावर, तिथून लोकलने आणखी पाऊण तास.

मिलान, चिंक्वे तेर्रे, आमाल्फीचा किनारा, सिसिली हे सगळं याच खेपेला कोंबू नका. नेपल्स आणि सिसिली ही तर वेगळीच सहल आहे, आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत बहुधा जास्त चांगली.

मे बरा की दिवाळीची सुट्टी?

मे. एप्रिलचा मध्य ते जूनचा पहिला आठवडा, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये रोम-फ्लॉरेन्सला पारा पस्तिशीच्या वर जातो. आपल्याला उन्हाची सवय आहे हे खरं, पण आपण नागपूरच्या मेमध्ये दिवसभर पायी हिंडत नाही. शिवाय १५ ऑगस्टला त्यांचा 'फेर्रागोस्तो'चा सण असतो. त्या सुमारास शहरातली घरगुती खाणावळी आणि दुकानं बंद करून मालक मंडळी समुद्रावर गेलेली असतात.

दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर हवा सुरेख असते. नोव्हेंबरमध्ये आली तर दिवस लहान, पाऊस, आणि आमाल्फी-चिंक्वे तेर्रेच्या बऱ्याच बोटी बंद. व्हेनिसला त्या दिवसांत भरतीचं पाणी चढतं, पण २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी 'मोझे' नावाचे सरकते बांध वर उचलले जातात, त्यामुळे पूर्वीइतकी दैना उरलेली नाही.

२५ एप्रिल, १ मे आणि २ जून या तिथल्या सार्वजनिक सुट्ट्या. १ मेला व्हॅटिकनची संग्रहालयं बंद असतात. महाराष्ट्र दिनाला रोममध्ये असाल तर त्या दिवशी बागा-चौक हिंडा.

व्हिसाचं काय? फार कटकटीचं आहे का?

कटकटीचं नाही, पण चिकाटीचं आहे. शेंगेन व्हिसा लागतो आणि तो २९ देशांत चालतो, त्यामुळे स्वित्झर्लंड जोडलंत तरी वेगळा व्हिसा नको. इंग्लंडला मात्र तो चालत नाही. जिथे सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, आणि रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल पडणार तिथे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो. पण मेमध्ये जाणारे सगळेच मार्चमध्ये जागे होतात, आणि तिथेच घोडं पेंड खातं. भेटीची वेळच मिळत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत उरकून टाका. शुल्क जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना माफ. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं सेवाशुल्क वेगळं.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दहा वर्षांच्या आत काढलेला हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा. बाकी बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र, नोकरीतलं रजेचं पत्र, हॉटेलची आणि विमानाची बुकिंगं. कागदपत्रांत अधिकाऱ्याला सरळ गोष्ट दिसली पाहिजे : हा माणूस इतक्या पगाराचा, इतक्या दिवसांसाठी, इथे-इथे राहून परत येणार. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात अचानक तीन लाख आले, तर ते कुठून आले हे लिहून द्या. लहान मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्या पालकाचं संमतीपत्र लागतं.

बोटांचे ठसे ५९ महिन्यांच्या आत दिले असतील तर सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. आणि एक चांगली बातमी : २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालेत. गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो. पण व्हिसा कितीही वर्षांचा असो, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं.

विमान कुठे उतरणारं घ्यावं?

एका शहरात उतरा, दुसऱ्यातून निघा. जाताना मुंबई-व्हेनिस किंवा मुंबई-मिलान आणि येताना रोम-मुंबई, दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे. तिकीट काढताना 'मल्टी सिटी' हा पर्याय निवडायचा. जाण्यायेण्याचं एकाच शहराचं तिकीट थोडं स्वस्त दिसतं, पण परत फिरण्यात एक दिवस आणि रेल्वेचे पैसे जातात.

रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून 'लिओनार्दो एक्स्प्रेस' ३२ मिनिटांत तेर्मिनी स्टेशनला आणते, माणशी १४ युरो. चौघं असाल तर टॅक्सी घ्या. जुन्या तटबंदीच्या आतल्या भागासाठी ५५ युरो ठरलेले आहेत. अधिकृत टॅक्सी पांढरी असते. आत येऊन 'टॅक्सी? टॅक्सी?' करत मागे लागतात ते लोक वेगळे.

टूरबरोबर जावं की आपलं आपण?

आपलं आपण. इटलीत रेल्वे इतकी चांगली आहे की इथे टूरची गरज युरोपात सर्वात कमी भासते. अपवाद दोन : सोबत कुणी तब्येतीने अगदी नाजूक असेल, किंवा वरण-भाताशिवाय दुसऱ्या दिवशी चिडचिड सुरू होणारी मंडळी असतील. टूरवाले जेवण सांभाळतात, हे त्यांचं खरं बळ. पण मग व्हेनिस तीन तासांत दिसतं.

कोणती तिकिटं आधीच काढावी लागतात?

बऱ्याच जणांचं गणित इथेच चुकतं, म्हणून जरा सविस्तर.

मिलानला लिओनार्दोचं 'द लास्ट सपर' बघायचं असेल तर आधी त्याचं तिकीट, मग बाकी सगळी सहल. सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर १४९५ ते १४९८ च्या सुमारास काढलेलं हे चित्र ओल्या गिलाव्यावर न काढता कोरड्या भिंतीवर काढलं, त्यामुळे ते लिओनार्दोच्या हयातीतच उडायला लागलं. म्हणून आत थोडीच माणसं सोडतात, पंधरा मिनिटांसाठी. तिकिटं काही महिन्यांची एकदम खुली होतात आणि लगेच संपतात.

रोमच्या कलोसियमचं तिकीट सुमारे तीस दिवस आधी खुलं होतं. त्यावर नाव असतं, तेव्हा पासपोर्ट जवळ ठेवा. त्याच तिकिटात शेजारचे प्राचीन रोमचे अवशेष, म्हणजे रोमन फोरम आणि पॅलेटाइन टेकडी येते. लोक कलोसियम बघून दमतात आणि फोरम सोडून देतात, ही मोठी चूक. व्हॅटिकन संग्रहालयं आणि सिस्टाइन चॅपल साधारण दोन महिने आधी बघा. रविवारी ती बंद असतात. महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट उघडतात, पण त्या दिवशी आत जाणं म्हणजे आषाढीला दर्शनबारीत उभं राहणं. बोर्गेझे गॅलरीत दोन तासांच्या पाळ्या असतात आणि आरक्षणाशिवाय प्रवेश नाही. माझं मत विचाराल तर रोममधलं एकच संग्रहालय बघायचं असेल तर हे बघा. शिल्पकार बेर्निनीच्या एका संगमरवरी पुतळ्यात मांडीत रुतलेली बोटं दिसतात आणि ती दगडाची आहेत यावर विश्वास बसत नाही.

फ्लॉरेन्सला उफित्सी आणि अकादेमिया ही कलासंग्रहालयं, दोन्ही सोमवारी बंद. अकादेमियात मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, पाच मीटरहून उंच. सिन्योरिया चौकात त्याची प्रतिकृती फुकट उभी आहे, पण मूळ ते मूळच. पॉम्पेईत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे, म्हणून तेही आधी काढलेलं बरं.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं मोफत असतात. पैसे वाचतात, पण वेळ आणि डोकं दोन्ही जातं.

सावध राहायचं ते हुबेहूब अधिकृत दिसणाऱ्या संकेतस्थळांपासून. मी स्वतः अशाच एका दलालाकडून जवळजवळ दुप्पट पैशाला तिकिटं घेऊन बसले होते. किंमत ओळखीच्या आकड्यापेक्षा फार जास्त वाटली की थांबा.

रेल्वेची तिकिटं कशी काढायची?

दोन प्रकारच्या गाड्या डोक्यात पक्क्या करा.

वेगवान गाड्या म्हणजे सरकारी त्रेनितालियाच्या फ्रेच्चारोसा आणि खासगी इतालो. ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावतात. रोम-फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स-व्हेनिस सव्वादोन, मिलान-रोम तीन ते साडेतीन तास. यांचे दर विमानासारखे वर जातात, म्हणून दोन-तीन महिने आधी काढा. दोन्ही कंपन्यांचे दर ताडून बघा. स्वस्त तिकीट बहुतेक वेळा बदलता येत नाही.

दुसऱ्या त्या प्रादेशिक गाड्या, 'रेजोनाले'. यांचा दर ठरलेला असतो, आधी काढून काही फायदा नाही, आणि आरक्षित जागा नसते. पण कागदी तिकीट घेतलंत तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावीच लागते. मोबाइलवरचं असेल तर चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट हातात असून दंड भरावा लागतो, आणि 'आम्हाला माहीत नव्हतं' हे तपासनीसाने दिवसातून पन्नासदा ऐकलेलं असतं.

स्टेशनांची नावं नीट वाचा. व्हेनिसची स्टेशनं दोन : मेस्त्रे अलीकडे जमिनीवर, आणि सांता लुचिया खऱ्या व्हेनिसात. बाबा 'व्हेनिस आलं' म्हणत मेस्त्रेला उतरलेसुद्धा होते. फ्लॉरेन्सचं मुख्य स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला.

फलक इटालियनमध्ये असतात हेही लक्षात ठेवा. फिरेंत्से म्हणजे फ्लॉरेन्स, नापोली म्हणजे नेपल्स, 'बिनारियो' म्हणजे फलाट.

संप असतो म्हणतात?

असतो, आणि त्याची तारीख बहुधा आधी जाहीर होते. शब्द 'शोपेरो'. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. विमान पकडण्याच्या आदल्या रात्री त्याच शहरात राहिलात की निम्मी काळजी मिटते.

गाडी भाड्याने घ्यावी का?

शहरांसाठी मुळीच नको. तोस्कानाच्या द्राक्षमळ्यांत किंवा उंब्रियाच्या डोंगरांत हिंडायचं असेल तर जरूर. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या, तो वर्षभर चालतो. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने, स्टिअरिंग डावीकडे.

खरी गोम 'झेडटीएल' नावाच्या क्षेत्रांत आहे. जुन्या गावभागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आणि वेशीवर कॅमेरे. कुणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. एका परिचितांनी हॉटेल शोधत एकाच कमानीखालून तीन चकरा मारल्या. काही महिन्यांनी ठाण्याच्या पत्त्यावर प्रत्येक चकरेचा वेगळा दंड आला.

व्हेनिसमध्येच राहावं की स्वस्तात मेस्त्रेला?

निदान एक रात्र व्हेनिसमध्ये राहा. दिवसाची गर्दी संध्याकाळी ओसरते, आणि मग गल्लीत फक्त पाण्याचा आवाज आणि कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या भांड्यांचा. बजेट नसेल तर मेस्त्रेत काही पाप नाही, रेल्वेने दहा-बारा मिनिटांचं अंतर आहे. बॅग मात्र लहान हवी. चारशेहून अधिक पूल आहेत, आणि बहुतेकांना पायऱ्या.

एप्रिल ते जुलैदरम्यान ठरावीक दिवशी, फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना सकाळी साडेआठ ते दुपारी चारपर्यंत प्रवेशशुल्क असतं. आधी भरलं तर ५ युरो, ऐन वेळी १०. रात्री राहणाऱ्यांना ते माफ, मेस्त्रेत राहणाऱ्यांनाही, कारण ते त्याच नगरपालिकेत येतं. पण माफीची नोंद ऑनलाइन करावी लागते.

गोंडोलाचा दर ठरलेला आहे. दिवसा अर्ध्या तासाचे ९० युरो, रात्री ११०, हे पैसे बोटीचे, माणशी नाहीत आणि पाच जण बसतात. नुसती हौस भागवायची असेल तर 'त्रागेत्तो' शोधा : मोठा कालवा ओलांडून देणारी साधी गोंडोला, माणशी २ युरो. दोन मिनिटांत पैलतीर. आमच्या लेकीला तीच जास्त आवडली.

शाकाहारी लोकांचे हाल होतात का?

उलट. युरोपात शाकाहाऱ्यांसाठी इटलीइतका सोपा देश मला दुसरा भेटलेला नाही. पण तुमचा शाकाहार किती कडक आहे यावर पुढचं सगळं.

पहिला शब्द : 'सोनो वेजेतारियाना', पुरुषाने 'वेजेतारियानो'. त्याला जोडून 'सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे', म्हणजे मांस नको, मासे नकोत. हे सांगावं लागतं, कारण भाजीच्या सूपमध्ये 'ब्रोदो', म्हणजे मांस उकळलेलं पाणी असू शकतं, कडधान्याच्या पास्त्यात डुकराच्या चरबीचे तुकडे पडतात, आणि 'आच्चुगे' नावाचे चिमुकले मासे तर टोमॅटोच्या सॉसपासून तळलेल्या भोपळ्याच्या फुलांपर्यंत कुठेही दडलेले असतात. मिलानच्या पिवळ्याधमक रिझोत्तोत, म्हणजे केशर घातलेल्या मऊ भातात, परंपरेने हाडातला मगज घालतात. रोमान्याकडची 'पियादिना' आपल्या पोळीची बहीण दिसते, पण जुन्या पद्धतीत तिच्यात चरबीचं मोहन असतं.

उलट एक शब्द विनाकारण घाबरवतो. 'पेपेरोनी' लिहिलेला पिझ्झा इटलीत खुशाल मागवा, तिथे त्याचा अर्थ ढोबळी मिरची. अमेरिकेत ज्याला पेपेरोनी म्हणतात तसा सॉसेजवाला पिझ्झा इटलीत 'दियावोला'.

चीजचा प्रश्न नाजूक आहे. पार्मिज्यानो, ग्राना पादानो, पेकोरिनो ही चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेट नावाच्या पाचक रसाने विरजतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पिझ्झा मारिनारा घ्यावा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो, ऑलिव्ह तेल, चीज नाहीच. अंडं न खाणाऱ्यांनी ताज्या पास्त्याऐवजी सुका पास्ता मागावा, तो रवाळ गव्हाचं पीठ आणि पाण्याचा असतो. तिरामिसूत कच्चं अंडं असतं, पान्ना कोत्तात जिलेटिन. फळांचं 'सोर्बेत्तो' निर्धास्त.

जैन मंडळींसाठी 'सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा पाताते' : लसूण, कांदा, बटाटा नको. सांगितलं तर बरेच ठिकाणी ताजा सॉस करून देतात. 'कोन्तोर्नी' या रकान्यात बघायचं विसरू नका. तिथे परतलेला पालक, भाजलेली वांगी, पांढरे घेवडे असं साधंसुधं असतं. दोन कोन्तोर्नी आणि पाव म्हणजे आपली पोळी-भाजीच.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. लिगुरियात 'फारिनाता' मिळते : बेसन, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, मोठ्या तांब्याच्या परातीत पातळ ओतून भट्टीत भाजलेली. पिसाकडे तिलाच 'चेचीना' म्हणतात. आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, हे आपलं धिरडंच की, नुसतं ओवा विसरलेत." सिसिलीत पालेर्मोला 'पानेल्ले' मिळतात, बेसन शिजवून, थापून, काप करून तळलेले. ते पावात घालून रस्त्यावर विकतात. वडापावचा कुणी चुलतभाऊ समुद्रापलीकडे राहत असेल तर तो हा.

थेपले, लाडू, तूप नेता येतं का?

थेपले, चिवडा, भाकरवडी, पिठलं-मेतकूट, सुकी चटणी न्या. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, तूप आणि श्रीखंडवड्या घरीच. ताजी फळं आणि पालाही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. मेमध्ये जाताना हापूसची पेटी नेण्याचा मोह होतो. नका नेऊ. कढीपत्त्याचंही तेच.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतली तर दही-भात सहज होतो. साधं दही 'योगुर्त ब्यांको' म्हणून मागा, नाहीतर व्हॅनिलाचं गोड घरी येतं.

बिलात 'कोपेर्तो' कसला?

टेबलावर बसण्याचे माणशी पैसे, बहुधा एक ते तीन युरो. फसवणूक नाही, मेन्यूवर लिहिलेलं असतं. टिप द्यायची सक्ती नाही. कॉफी उभ्याने प्यायली तर स्वस्त, बसून महाग. नुसतं 'लात्ते' मागितलंत तर पेलाभर दूध येतं. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत फारसं कुठे मिळत नाही. लहान मुलं असतील तर संध्याकाळचं काहीतरी पिशवीत ठेवा.

सत्तरीचे आई-बाबा बरोबर आहेत. झेपेल?

झेपेल, पण वेग तुमचा नाही, त्यांचा ठेवा.

चढणं टाळा. फ्लॉरेन्सच्या मुख्य चर्चच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आणि लिफ्ट नाही. व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स चर्चच्या घुमटाला लिफ्ट आहे, पण ती गच्चीपर्यंतच, पुढे अरुंद जिन्याने ३२० पायऱ्या. कलोसियममध्ये लिफ्ट आहे. रोमचे छोट्या काळ्या फरशांचे रस्ते गुडघ्यांना जाणवतात, तेव्हा नवे कोरे बूट न नेता महिनाभर वापरलेले न्या. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते, म्हणून खोली घेताना 'आशेन्सोरे' आहे का हे लेखी विचारा. स्टेशनांवर चाकाच्या खुर्चीची मदत मिळते, मात्र आधी कळवावं लागतं.

दुपारी दोन तास खोलीवर विश्रांती, हा आमचा नियम होता. इटालियन लोकही तेच करतात. दमल्यावर कुठल्याही लहान चर्चमध्ये शिरा : गारवा, शांतता, बसायला बाकं, आणि भिंतीवर बहुधा एखादं चारशे वर्षांपूर्वीचं चित्र. बाबा रोज दुपारी एका चर्चमध्ये पंधरा मिनिटं डुलकी काढायचे.

चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कमीज याला प्रश्नच नाही. बिनबाह्यांचं काही घातलं असेल तर ओढणी बरोबर ठेवा.

पाणी आणि टॉयलेट?

रोममध्ये रस्त्यांवर सुमारे अडीच हजार लोखंडी नळ अखंड वाहतात, त्यांना 'नाझोनी' म्हणजे मोठी नाकं म्हणतात. पाणी गार आणि पिण्यायोग्य. बाटली भरत राहा.

टॉयलेटसाठी स्टेशनवर युरोभर पडतो. कॉफी घेतली की त्या बारचं वापरता येतं. आणि भारतीयांचा युरोपातला जो मुख्य घोर, त्यावर इटलीत उतारा आहे : बिडे, म्हणजे कमोडशेजारचं धुण्यासाठी नळ असलेलं बसकं भांडं. १९७५ पासून घरातल्या निदान एका न्हाणीघरात ते असणं तिथे सक्तीचं आहे, आणि हॉटेलांतही बहुतेक ठिकाणी असतं. त्यात मोजे धुणारे पर्यटक मी पाहिलेत.

पैसे कसे न्यावेत?

कार्ड सगळीकडे चालतं. शंभर-दीडशे युरो रोख पुरे. यंत्राने 'रुपयांत की युरोत?' विचारलं तर नेहमी युरो. रुपये निवडले की दुकानाच्या बाजूने लावलेला वाईट दर पडतो. साध्या क्रेडिट कार्डावर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत वरकड घेते, म्हणून फॉरेक्स कार्ड बघा. हॉटेलात माणशी, रात्रीगणिक शहरकर वेगळा द्यावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत बहुधा धरलेला नसतो.

एका दुकानात ७० युरोंहून अधिक खरेदी केलीत तर करपरताव्याचा कागद मागा. युरोपीय संघातून बाहेर पडताना शेवटच्या विमानतळावर त्याची नोंद करून घ्यायची. रांग लांब असते.

चोऱ्या फार होतात का?

मारहाण नाही, खिसेकापू आहेत. रोमचं तेर्मिनी, मेट्रो आणि व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस इथे पाकीट पुढच्या खिशात. हातात गुलाब किंवा मनगटावर दोरा बांधणाऱ्याला हात देऊ नका. आणीबाणीला ११२.

फूटपाथवरच्या बनावट ब्रँडेड पर्स घेऊ नका, विकणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्यालाही तीनशे युरोंपासून सात हजारांपर्यंत दंड आहे. रोमच्या स्पॅनिश स्टेप्सवर २०१९ पासून बसायला बंदी आहे, आणि व्हेनिसच्या सान मार्को चौकात कबुतरांना दाणे टाकायलाही.

प्लग?

दोन गोल पिनांचा चालतो, तीन पिनांचा नाही. एक अ‍ॅडॉप्टर आणि एक एक्स्टेन्शन बोर्ड न्या.

मराठी माणसाने मुद्दाम बघावं असं काही आहे का?

हा प्रश्न मला फक्त एकदाच कुणी विचारला, पण तो वारंवार विचारला जावा असं वाटतं.

दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी इटलीत मोठी लढाई केली, आणि त्यात मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्यपुरस्कार मिळाला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. त्यांच्या तुकडीतले सगळे मशीनगनच्या माऱ्यात मेले किंवा जखमी झाले, तरी ते एकटेच त्या ठाण्यावर धावून गेले आणि ते त्यांनी घेतलं. वय २२. दुसरे नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी त्यांनी दोन जखमी साथीदारांना पाण्यातून सुखरूप आणलं, मग एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या तुकड्यांना पलीकडे बोलावलं. ते जगले, परत आले.

उंब्रियातल्या मोन्तोने या डोंगरावरच्या टुमदार गावात जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाचं स्मारक उभारलं गेलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. गावात रेल्वे जात नाही, पेरुज्याहून गाडी करावी लागते. ते जमत नसेल तर रोमहून प्रादेशिक गाडीने दीड-दोन तासांवर कास्सिनो आहे. डोंगरावर बॉम्बहल्ल्यानंतर पुन्हा बांधलेला मठ, आणि पायथ्याशी राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमी. घाडगे यांची कबर कुठेच नाही. या स्मशानभूमीतल्या संगमरवरी शिळांवर कोरलेल्या नावांत त्यांचं नाव आहे. स्टेशनपासून टॅक्सी मिळते. जाताना छत्री आणि पाणी घ्या, आसपास दुकान नाही.